रुटिनचं डॉकिंग उणे ९.८ आलं, म्हणजे डेंग्यूचं औषध सापडलं का?

प्रश्न एमएस्सी बायोइन्फर्मॅटिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने गुळवेल, तुळस आणि पपईची पानं यांतली ९२ संयुगं घेतली आणि डेंग्यूच्या एनएस२बी-एनएस३ प्रोटीएजवर, म्हणजे विषाणूची प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमवर (स्फटिकरचना २एफओएम), ऑटोडॉक व्हिना या सॉफ्टवेअरने डॉकिंग केलं, म्हणजे प्रत्येक रेणू एन्झाइमच्या खोबणीत कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकाकडून अंदाज घेतला. सगळ्यात वर रुटिन आलं, उणे ९.८ किलोकॅलरी प्रति मोल (आकडा जितका जास्त उणे, तितका बंध घट्ट). गाईड म्हणतात, शंभर नॅनोसेकंदांचं सिम्युलेशन (रेणूंची हालचाल संगणकावर चालवून बघणं) जोड आणि पेपर पाठव. तिला मात्र आत कुठेतरी खटकतंय. "हा आकडा खरा मानायचा का? नसेल तर पुढे नेमकं काय करू?" असं तिने विचारलंय. जाता जाता हेही लिहिलंय की गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला डेंग्यू झाला, आईने त्याला पपईच्या पानांचा रस दिला, आणि विषय तिथूनच सुचला.

तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय. हे काम मी पुण्यात अठरा वर्षं करतोय आणि दर वर्षी असे दहा-बारा प्रबंध वाचतो. बहुतेकांत मेहनत भरपूर असते. अडचण असते ती संगणकाला विचारलेल्या प्रश्नात. "या ९२ पैकी डेंग्यूवर औषध कोणतं?" हा प्रश्न डॉकिंगला झेपत नाही. "या खोबणीच्या या कोपऱ्यात हायड्रॉक्सिल बरा की अमिनो?" हा झेपतो. तुम्ही पहिला विचारलात, आणि सॉफ्टवेअरने उत्तर दिलं, कारण सॉफ्टवेअर कधीच "मला माहीत नाही" म्हणत नाही. तेव्हा प्रश्न लहान कसा करायचा, हाच माझ्या उत्तराचा गाभा. त्यातलं किती तुम्हाला जमेल हे मात्र तुमच्या हातात किती महिने आहेत आणि जवळपास एखादी बायोकेमिस्ट्रीची लॅब मदतीला आहे का, यावर ठरेल.

आधी आकड्याचा हिशेब करू. खोलीच्या तापमानाला साधारण १.३६ किलोकॅलरीमागे बंध दहापट घट्ट किंवा दहापट सैल होतो. त्या हिशेबाने उणे ९.८ म्हणजे सुमारे ६५ नॅनोमोलर (एवढ्या कमी प्रमाणातही रेणू एन्झाइमला धरतो; आकडा लहान तितका बंध घट्ट). ऐकायला फार छान. पण व्हिना लिहिणाऱ्या ट्रॉट आणि ओल्सन यांनी २०१० च्या पेपरमध्ये स्वतःच त्याची प्रमाणचूक २.८५ किलोकॅलरी दिली आहे. ती दोन्ही बाजूंना धरली तर तुमचं रुटिन अर्ध्या नॅनोमोलरपासून ८ मायक्रोमोलरपर्यंत कुठेही असू शकतं. अर्धा नॅनोमोलर म्हणजे उत्तम औषधाच्या तोडीचं. ८ मायक्रोमोलर म्हणजे जेमतेम सुरुवात. तुमच्या यादीतली पहिली दहा संयुगं उणे ९.८ ते उणे ८.९ मध्ये आहेत. एवढ्या फरकावरून त्यांचा क्रम लावणं म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलणं.

मग रुटिनच वर का आलं? कारण ते मोठं आहे. व्हिनाचा आकडा अणूअणूंच्या संपर्कांची बेरीज करतो. रेणू मोठा, संपर्क जास्त, आकडा चांगला. व्हिना याला थोडा आळा घालतं, पण तो पुरत नाही. रुटिनमध्ये हायड्रोजन सोडून ४३ अणू आहेत. तुमच्या तक्त्यात क्वेर्सेटिन उणे ८.१ ला आहे आणि त्यात असे अणू फक्त २२. भागून बघा: रुटिन दर अणूमागे ०.२३, क्वेर्सेटिन ०.३७. रुटिन म्हणजे क्वेर्सेटिनलाच दोन शर्करा जोडलेल्या, आणि त्या दोन शर्करांनी मिळून १.७ किलोकॅलरीचीच भर घातली. हा भागाकारही आंधळेपणाने वापरू नका, कारण मग १२ अणूंचं युजेनॉल सगळ्यांना मागे टाकेल. पण मोठ्या रेणूला नुसत्या आकाराचे गुण मिळालेत का, एवढं त्यातून कळतं.

इथे या प्रोटीएजचा स्वभावही समजून घ्यायला हवा. डेंग्यूच्या प्रोटीएजची सक्रिय जागा (हिस्टिडिन ५१, अ‍ॅस्पार्टेट ७५, सेरीन १३५) उथळ आणि पाण्याला उघडी आहे. तिला धनभारित आर्जिनीन आणि लायसीन आवडतात. एचआयव्हीच्या प्रोटीएजसारखा खोल बोगदा इथे नाही. बशीसारखी जागा आहे. अशा बशीवर दहाएक हायड्रॉक्सिल असलेला रेणू ठेवला की डॉकिंगला चहूकडे हायड्रोजन बंध दिसतात. प्रत्यक्षात ते हायड्रॉक्सिल आधीपासून पाण्याशी तेवढेच खूश असतात. पाणी सोडून प्रोटीनकडे येण्याची किंमत व्हिना नीट मोजत नाही. म्हणून उथळ जागा आणि शर्करा लावलेले फ्लेव्होनॉइड (रुटिन-क्वेर्सेटिनच्या कुळातले रेणू) ही जोडी दिसली की मी सावध होतो. या प्रोटीएजवर दोन दशकं जगभर काम होऊनही एकही औषध बाजारात आलेलं नाही, त्यामागेही हा उथळपणा आणि भार हेच मोठं कारण आहे.

तुम्ही वापरलेल्या रचनेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे तुमचं बरंच काम परत करावं लागणार आहे. २एफओएम ही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली डेंग्यू-२ (विषाणूचा दुसरा प्रकार) ची रचना. रिझोल्यूशन फार चांगलं, म्हणून सगळे तीच उचलतात. पण तिच्यात कुठलाही इनहिबिटर (एन्झाइम रोखणारा रेणू) बसलेला नाही, आणि एनएस२बीचा (एनएस३ ला मदत करणाऱ्या प्रथिनाचा) शेवटाकडचा भाग सक्रिय जागेपासून लांब पडला आहे. एन्झाइम काम करतं तेव्हा एनएस२बी पट्ट्यासारखा एनएस३ भोवती गुंडाळला जातो आणि त्या जागेची एक भिंत स्वतः बनतो. म्हणजे तुम्ही भिंत पाडलेल्या खोलीत सामान लावून बघितलंत. २०१२ ची ३यू१आय ही डेंग्यू-३ ची रचना घ्या. तिच्यात पेप्टाइडसारखा इनहिबिटर बसलेला आहे आणि एनएस२बी मिटलेल्या स्थितीत आहे. तो इनहिबिटर सेरीन १३५ ला सहसंयुज बंधाने जोडलेला आहे, हे विसरू नका. साधं रीडॉकिंग (तोच इनहिबिटर काढून पुन्हा डॉक करणं) करताना तो बंध तोडावा लागेल आणि त्या टोकाशी थोडी गडबड दिसेल. तरी त्याचे दोन आर्जिनीन आपापल्या खोबणीत परत गेले पाहिजेत. सगळ्या अणूंचा आरएमएसडी (मूळ जागेपासूनचं सरासरी अंतर) २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर उत्तम. आर्जिनीनच जागेवर गेले नाहीत, तर पुढची ९२ संयुगं डॉक करण्यात अर्थ नाही. हिस्टिडिन ५१ चा प्रोटॉन कुठल्या नायट्रोजनवर ठेवलाय तेही बघा. आपोआप तयार झालेली फाइल बरेच जण उघडूनही बघत नाहीत, आणि तो एक प्रोटॉन चुकीच्या बाजूला असला तर अर्धी यादी बदलते.

यानंतरची पायरी माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि विद्यार्थी नेमकी तीच गाळतात. ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे अशी संयुगं यादीत मिसळा. मलाया विद्यापीठातल्या गटाने २००६ मध्ये बोसेनबर्जिया रोटुंडा या आल्याच्या कुळातल्या कंदातली संयुगं डेंग्यू-२ च्या याच प्रोटीएजवर प्रत्यक्ष तपासली होती. त्यातलं ४-हायड्रॉक्सीपांड्युरॅटिन ए सुमारे २१ आणि पांड्युरॅटिन ए सुमारे २५ मायक्रोमोलरला स्पर्धात्मक रीतीने, म्हणजे सक्रिय जागाच अडवून, रोखतं. ही दोन घाला. जोडीला त्यांच्याच आकाराची, साधारण तेवढेच हायड्रॉक्सिल असलेली, पण या एन्झाइमशी काही संबंध असण्याचं कारण नसलेली शंभरेक संयुगं घाला. आता तुमची पद्धत खऱ्या दोघांना गर्दीतून वर आणते का, ते बघा. दोघं साठाव्या-सत्तराव्या नंबरवर गेली, तर रुटिनच्या पहिल्या नंबरालाही किंमत उरत नाही. हे वाचताना वाईट वाटेल, पण परीक्षकाने विचारण्याआधी तुम्हाला कळलेलं बरं.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. पिनोस्ट्रॉबिन आणि कार्डामोनिन यांनी एन्झाइम रोखलं, पण स्पर्धात्मक रीतीने नाही. म्हणजे ती सक्रिय जागेत बसत नसावीत. काही फ्लेव्होनॉइडांबद्दलही पुढे हेच दिसलं. मग क्वेर्सेटिनच्या कुळातली संयुगं सक्रिय जागेच्या चौकोनात डॉक करून आलेला आकडा कसला? दार दुसरीकडे असताना भिंतीवर टकटक केल्याचा. कुठल्या जागेबद्दल विचारताय, हे डॉकिंगच्या आधी ठरलं पाहिजे.

सिम्युलेशनबद्दल. गाईडना दुखवू नका, सिम्युलेशन करा, पण त्यातून काय सिद्ध होतं ते स्पष्ट ठेवा. "शंभर नॅनोसेकंद रेणू खोबणीत राहिला, म्हणून बंध स्थिर" हे वाक्य मी इतक्या पेपरांत वाचलंय की आता वाचताना थांबतोच. १० मायक्रोमोलरचा कमकुवत रेणू, अगदी वेगाने आत येणारा धरला, तरी सुमारे एक मिलिसेकंद आत टिकतो. एक मिलिसेकंद म्हणजे शंभर नॅनोसेकंदांच्या दहा हजार पट. म्हणजे कमकुवत रेणूही तुमच्या सिम्युलेशनभर आरामात बसून राहील. उलट बाजूने मात्र ही चाचणी कामाची आहे: वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी तीन-चार वेळा चालवलं आणि रेणू वीस नॅनोसेकंदांतच घसरून बाहेर आला, तर ती पोझ (डॉकिंगने दाखवलेली बसण्याची पद्धत) चुकीची होती असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. नापास करायला सिम्युलेशन वापरा. रुटिनच्या शर्करा पाण्यात मोकळ्या हलताना दिसतील असा माझा अंदाज आहे.

समजा, इथवर सगळं पार पडलं आणि संयुग एन्झाइमवर तपासायची वेळ आली. या प्रोटीएजची सोय अशी की त्यासाठी विषाणू हाताळावा लागत नाही. एनएस२बीचा गाभ्याचा तुकडा आणि एनएस३चा प्रोटीएजचा भाग ग्लायसीनच्या लवचीक दुव्याने जोडून ई. कोलायमध्ये बनवता येतात. साध्या लॅबलाही ते जमतं. पण नैसर्गिक पॉलिफेनॉल (क्वेर्सेटिन, टॅनिन यांसारखी संयुगं) इथे दोन प्रकारे फसवतात, आणि त्यातल्या एकाने मला स्वतःला आठ महिने फसवलंय.

दुसऱ्या एका विषाणूच्या प्रोटीएजवर आमच्या यादीत एक टॅनिनसारखं संयुग वर आलं होतं. एन्झाइमवर तपासलं तर नव्वद टक्क्यांवर अडवणूक. आम्ही हरखून गेलो, त्याची तीन रूपं बनवून घेतली, तिन्ही चालली. एका संध्याकाळी लॅबमधल्या मुलीने काचेच्या नळीतल्या द्रावणावर टॉर्च धरला आणि प्रकाशाचा पट्टा धुक्यात दिसावा तसा आरपार दिसला. द्रावण स्वच्छ नव्हतं. संयुगाचे बारीक गोळे झाले होते आणि एन्झाइम त्यांच्यावर जाऊन चिकटत होतं. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घातल्यावर तीच अडवणूक दहा टक्क्यांच्या खाली आली. ब्रायन शॉयकेट यांच्या गटाने हा प्रकार २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच नीट मांडला होता आणि क्वेर्सेटिन त्यातलं ओळखीचं नाव आहे. आम्ही वाचलं होतं, फक्त आपल्या संयुगाला लागू होईल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून डिटर्जंटसह आणि डिटर्जंटशिवाय अशा दोन्ही ओळी एकाच प्लेटमध्ये नसतील तर मी निकाल बघत नाही.

दुसरी फसवणूक रंगाची. या प्रोटीएजची चाचणी बहुधा चमकणाऱ्या पेप्टाइडवर होते: एन्झाइमने पेप्टाइड कापलं की एएमसी (चमकणारा तुकडा) सुटतं आणि ३८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला की ४६० ला चमकतं. क्वेर्सेटिन स्वतःच ३७० च्या आसपास प्रकाश शोषतं. म्हणजे एन्झाइम आपलं काम व्यवस्थित करत असतानाही चमक कमी दिसते आणि आपण "इनहिबिशन" लिहून मोकळे होतो. उपाय सोपा आहे: नुसतं एएमसी आणि संयुग एकत्र ठेवून चमक किती घटते ते आधी मोजा. हळदीतल्या कर्क्युमिनची गोष्ट याच जातीची आहे. डॉकिंगमध्ये ते जवळजवळ प्रत्येक लक्ष्यावर चांगलं दिसतं, चाचण्यांमध्येही सारखं डोकं वर काढतं, पण शरीराच्या सामूला आणि तापमानाला त्याचा बराचसा भाग अर्ध्या तासात विघटित होतो.

रुटिनपुरता तर आणखी एक अडथळा आहे. वजन ६१० डाल्टन, हायड्रोजन देणारे गट १०, घेणारे १६. तोंडाने घेतलेलं औषध शोषलं जाईल का याचा अंदाज देणाऱ्या लिपिन्स्की यांच्या चारपैकी तीन मर्यादा मोडतात. नैसर्गिक संयुगांना त्या नियमातून थोडी सूट देतात हे खरं. पण रुटिन लहान आतड्यात फारसं शोषलंच जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्या शर्करा तोडतात, क्वेर्सेटिन सुटतं, आणि रक्तात पोचेपर्यंत शरीराने त्याचंही रूप बदलून ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट केलेलं असतं. तुम्ही डॉक केलेला रेणू रुग्णाच्या रक्तात जवळपास नसेलच. शर्करा लावलेलं कुठलंही संयुग असेल, तर शरीरात उरणारं रूप डॉक करायचं, हा नियम स्वतःला घालून घ्या.

एवढं वाचून "मग हे सगळं कशाला शिकायचं" असं वाटेल. म्हणून जिथे हे नीट जमलं ती गोष्ट सांगतो. फ्लूच्या विषाणूचं न्युरामिनिडेज आपल्याच पेशींवरच्या सिआलिक आम्लाला कापतं. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि सहकाऱ्यांनी त्या एन्झाइमची त्रिमितीय रचना काढली. सिआलिक आम्लापासून बनलेलं डाना नावाचं संयुग ते एन्झाइम मायक्रोमोलरमध्ये रोखतं, हे आधीच माहीत होतं. मेलबर्नमध्ये मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या गटाने पीटर गुडफर्ड यांचा ग्रिड हा प्रोग्रॅम त्या खोबणीत चालवला आणि एवढंच विचारलं की कुठला गट कुठे आवडेल. उत्तर आलं, चौथ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलच्या जागी धनभारित गट. शेजारी ग्लुटामेट होते, त्यामुळे रसायनशास्त्रालाही ते पटणारं होतं. अमिनो लावलं, बंध घट्ट झाला. मग ग्वानिडिनो लावलं आणि तो डानाच्या हजारो पटींनी घट्ट झाला. १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं, १९९९ मध्ये झानामिव्हिर औषध म्हणून आलं. बघा, नैसर्गिक रेणू होता, रचना होती, प्रयोगाचा आकडा होता, आणि संगणकाला विचारलेला प्रश्न एका कोपऱ्याचा होता. तरीही तोंडाने घेतलं तर ते शोषलं जात नाही, म्हणून श्वासातून ओढावं लागतं.

त्याच एन्झाइमवरचं, तोंडाने घेता येणारं ओसेल्टामिव्हिर बनवायला शिकिमिक आम्ल लागतं, आणि ते बरीच वर्षं आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलातून काढलं जायचं. त्यावरून "चक्रीफुलाचा काढा घ्या, फ्लू जातो" असे निरोप फिरले. शिकिमिक आम्ल फ्लूचा विषाणू रोखत नाही. तो कच्चा माल आहे, औषध त्यावर दहा-बारा पायऱ्यांचं रसायनशास्त्र झाल्यावर तयार होतं. वनस्पतीत रेणू असणं आणि वनस्पती औषध असणं यांत एवढं अंतर असतं.

तुमच्या जागी मी असतो तर ९२ ची यादी बाजूला ठेवली असती. ३यू१आय घेऊन रीडॉकिंग, मग पांड्युरॅटिनची जोडी आणि शंभर नकली संयुगं, एवढ्याला तीन आठवडे. पद्धत टिकली तर प्रश्न असा करा: पांड्युरॅटिनच्या सांगाड्यावर नेमक्या कुठल्या जागी आर्जिनीनसारखा धनभारित गट लावला तर तो पहिल्या खोबणीतल्या अ‍ॅस्पार्टेट १२९ पर्यंत पोचेल? वीस-पंचवीस रूपं काढा, त्यातली बनवता येण्याजोगी पाच एखाद्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. पद्धत टिकली नाही, तर तेच प्रबंधात लिहा: दोन रचना, तीन स्कोअरिंग पद्धती, ज्ञात संयुगं कुठे पडली. असा प्रबंध मी परीक्षक म्हणून आनंदाने वाचेन. पेपर पाठवायचाच असेल तर शीर्षकात "संभाव्य औषध" हे शब्द नकोत.

हे शब्दांचं मी मनापासून सांगतोय. तुमच्या आईने रस दिला, भाऊ बरा झाला, याचा आनंदच आहे. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि बहुतेकांच्या आपोआप वरही येतात, त्यामुळे एका घरातल्या अनुभवावरून रसाचं श्रेय ठरवता येत नाही. जिवावर बेततं ते बहुधा ताप उतरायच्या सुमाराला रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो तेव्हा. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती दिसली की लगेच दवाखाना गाठायचा असतो. तुमच्या पेपरचं शीर्षक कापून कुणी "पपईच्या पानात डेंग्यूचं औषध, संशोधनात सिद्ध" असं घरोघरी पाठवलं आणि एखादं घर त्या भरवशावर एक दिवस थांबलं, तर तो दिवस परत मिळत नाही.

रीडॉकिंग झालं की आरएमएसडी आणि हिस्टिडिन ५१ चं प्रोटोनेशन इथेच लिहा. आर्जिनीन खोबणीत गेले नसतील तर डॉकिंगच्या बॉक्सचे निर्देशांक (मध्यबिंदूची जागा) आणि आकारही द्या, मी माझ्याकडच्या रचनेशी ताडून सांगतो.